चंपतरावांची कंबर

"बैलाच्या मानेले वाटीभर तूप. अन् माह्या भाकरीवर दोन थेंब जास्त पडले तं घरातल्या लोकाईले ठसका लागते."

बयनाबाई हे चुलीला सांगत होत्या. चूल काही बोलली नाही. हाताच्या अंतरावर त्यांची सून गयाबाई पाट्यावर हळद वाटत बसली होती, तीही आधी काही बोलली नाही. सासूच्या गाऱ्हाण्याला लगेच उत्तर दिलं की ते लवकर संपतं आणि मग त्यांना दुसरं शोधावं लागतं, एवढं तिला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"आत्याबाई, मी इथंच बसली हाये."

"मंग? मी काय आदिलाबादले जाऊन बोलून राह्यली? तुले आयकू यावं म्हूनच बोलून राह्यली."

उद्या पोळा होता. आज दिवस मावळताना खांदशेकणी. वर्षभर जू ओढून बैलांच्या मानेला घट्टे पडतात. त्या माना कढत पाण्यानं शेकायच्या, तूप-हळद चोळायची आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बेल्याकडच्या त्या गावात हे काम घरधन्याचं. बाईमाणसानं पाणी तापवून द्यावं, तूप कढवून द्यावं आणि बाजूला व्हावं.

गयाबाईच्या घरचा धनी, तिचा नवरा चंपतराव, मागच्या पडवीत बाजेवर, भिंतीकडं तोंड करून निजला होता. होळीपासून.

चंपतराव आदिलाबादच्या कचेरीत मोहरीर, म्हणजे कारकून, होते. उर्दूत मिसली लिहायच्या, हे काम. त्यांचं अक्षर असं की अर्ज नामंजूर झालेला माणूससुद्धा कागद जपून ठेवायचा. निजामाचं राज्य गेलं, वर हैद्राबादचं सरकार बसलं, तरी कचेरीत लेखणी उर्दूच चालत होती, मध्ये मध्ये इंग्रजी शिरायची. मग गेल्या दिवाळीच्या सुमाराला हैद्राबाद राज्यच मोडलं. राजुरा तिकडं मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद इकडं आंध्रात राहिलं. गयाबाईची एकुलती लेक राजुऱ्याकडं दिलेली. दिली तेव्हा जिल्ह्यातच दिली होती. पोरगी चुलीपुढून हलली नाही आणि परराज्यातली झाली. कचेरीतली माणसंही वाटली गेली, कोणी तिकडं, कोणी इकडं. ज्याच्यासोबत चंपतराव रोज दुपारी डबा खायचे तो पेशकार तिकडं मुंबई राज्यात गेला. चंपतरावांची शेती इथं, आई इथं, म्हणून ते राहिले. त्यांच्यापुढं तेलुगूचं पहिलीचं पुस्तक आलं.

तेही ते शिकले असते. डोकं चांगलं होतं. पण एक दिवस दुपारी ते टेबलापाशी बसले ते उठेचनात. शिपायानं हाक मारली, तर म्हणाले, "उठून काय करू?" त्यानंच त्यांना बैलगाडीत घालून गावी आणलं.

पुस्तकामुळं असं झालं असं म्हणणं सोपं होतं. पण गयाबाईला आठवत होतं, की त्याच्या आधीच्या पावसाळ्यातही ते सुटीवर आले की अर्धी भाकर ताटात ठेवायचे. ती म्हणायची, "कचेरीत खाऊन आले असतीन." माणसाला दिसतं बरंच, बघायचं किती ते तो ठरवतो.

गावाला काय सांगायचं, हा प्रश्न गाडी दारात यायच्या आतच तिनं सोडवला होता. "रुखसतीवर आले," ती म्हणाली. रुखसत म्हणजे कचेरीची रजा. निजाम गेला तरी रजेचं नाव तेच होतं. आणि रजा कशाला, असं कोणी विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "कंबर धरली."

कंबर गावानं एकदम उचलून धरली. शेजारच्या सोजरबाईनं मोहाच्या बियांचं तेल दिलं. कोणी एरंडाची पानं आणून दिली. कोणी सांगितलं की उंबऱ्यावर पालथं झोपवा आणि पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्या. ओसरीवरच्या कोनाड्यात तेलाच्या बाटल्यांची रांग लागली. शेवटी भलं करायच्याच विचारानं चुलतभाऊ महिपतनं वांकिडीहून हाडं बसवणाऱ्या धोंडीबाला आणलं. आता नाही कसं म्हणणार? धोंडीबानं चंपतरावांच्या धडधाकट कमरेवर गुडघा टेकवला आणि अशी काही कळ फिरवली, की दुसऱ्या दिवसापासून कंबर खरंच दुखायला लागली. गयाबाईला, खरं सांगायचं तर, जरा हायसं वाटलं. निदान एक गोष्ट तरी खरी झाली.

बाकी सगळं ती ओढत होती. पेरणी तिनं करून घेतली. ज्वारी कुठं, कापूस कुठं, तिनं ठरवलं. बेल्याच्या बाजारात डोक्यावर पदर ठेवून तिनं सरकीचा भाव असा पाडला, की दुकानदार "अम्मा, अम्मा" म्हणत हात जोडायला लागला. या सगळ्याचा तिला ताठा होता, आणि तो तिला शोभतही होता. रस्त्यानं चालताना तिची मान कधी खाली झाली नाही. फक्त घरी आलं की उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. वेणी ती डाव्या हातानं, कशीबशी घालायची. हे कोणाला सांगायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

हळद वाटून होते न होते तोच ओसरीवर खाकरल्याचा आवाज आला. वामनराव पाटील. गयाबाईनं पदर सावरला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

"उद्याचं विचाराले आलो, सूनबाई," वामनराव म्हणाले. "तोरनाखालून पयली जोडी माही, दुसरी तुमच्या घरची. चंपत उभा राह्यते ना?"

"राह्यतीन ना, मामाजी. कंबर जराशी..."

"कंबरीचं मी उन्हाळ्यापासून आयकून राह्यलो." वामनराव पाणी प्याले. माणूस वाईट नव्हता. "पाह्य, सूनबाई. कासरा घरधन्याच्या हाती पाह्यजे. घरधनी नसन तं मान महिपतच्या घरी जाते. हा नियम मी नाई केला, जुन्याईनं करून ठेवला. अन् एकडाव गेलेला मान वापस येत नाई, तुले मालूम हाये."

"आमच्या घरचा मान कोठी जात नाई."

हे ती जरा मोठ्यानंच बोलली. मागच्या पडवीत ऐकू जावं म्हणून.

वामनराव उठले. पायरी उतरताना थांबले आणि आवाज खाली करून म्हणाले, "कंबरच हाये ना, बाई?"

"मंग काय असन दुसरं?"

"नाई, नाई. काई नाई." आणि ते असे लगबगीनं निघाले, जसं काही त्यांनाच चोरी करताना पकडलं होतं. गावात सगळ्यांचं असंच होतं. प्रश्नाच्या काठापर्यंत यायचे आणि पाय ओले होण्याआधी मागं फिरायचे.

गयाबाई आत आली तर बयनाबाई म्हणाल्या, "नजर लागली माह्या पोराले. त्याचं अक्षर पाहून कोन्या मेल्यानं नजर लावली."

"आत्याबाई, नजर होळीपासून राह्यते काय?"

"मंग तूच सांग काय हाये."

गयाबाई तूप कढवायला बसली.

दिवस कलला तशी ती गोठ्यात गेली. एका हातात कढत पाण्याची बादली, कमरेला तुपाची वाटी खोचल्यासारखी धरलेली, खांद्यावर शेकायचं फडकं. तिनं मनाशी ठरवलं होतं: दार लोटून घ्यायचं, बैल आपणच शेकायचे आणि बाहेर येऊन सांगायचं, "झालं, धन्यानं शेकले." एवढ्या खोट्यात अजून एक. गोठ्यात दोन बैल होते, पोवळ्या आणि चांद्या. ती पोवळ्याच्या मानेवर फडकं ठेवणार, तोच दार करकरलं.

चंपतराव उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना उभं पाहून तिला वाटलं, हे एवढे उंच होते?

"वामनमामा काय म्हनत होते?" त्यांनी विचारलं.

"कंबर कशी हाये म्हनत होते."

चंपतरावांनी तिच्या हातातून फडकं घेतलं. बादलीत बुडवलं, पिळलं आणि पोवळ्याच्या मानेवर दाबून धरलं. बैलानं डोळे मिटले. तूप लावताना त्यांचा हात चुकत नव्हता. लहानपणापासूनचं काम, हाताला आपोआप येत होतं. मग ते चांद्याकडं वळले. त्याच्या मानेवर उजव्या अंगाला वळ सुजून लाल झाला होता.

"याचा खांदा आला."

"आला ना. पेरनीच्या टायमाले जू घासलं. तवापासून जुंपलाच नाई मी त्याले. सोजरबाईचा बैल मागून आनून पिकाची डवरणी केली."

"काय सांगतलं तिले?"

"काय सांगाचं? चांद्याचा खांदा आला म्हून सांगतलं. समद्या गावाले मालूम हाये." गयाबाई फणकारली. तिचा बाप बैलांचा दलाल होता, आणि काजळी-हळदीनं बैलाचा खांदा झाकून विकणाऱ्याला तो भरबाजारात उभा करून त्याच्याच फडक्यानं ती काजळी पुसून दाखवायचा. "बैलाचा खांदा आला हे सांगाले काय लाज हाये? झाकला तं चिघळते. दोन महिने उभा राह्यला तं राह्यला, कोनं त्याले आळशी म्हनलं नाई."

चंपतराव फडकं हातात धरून उभे होते. पाण्याचे थेंब त्यांच्या पायावर पडत होते.

"मंग माहंच काऊन झाकतेस?"

आवाज चढलेला नव्हता. खरोखर विचारावं तसं विचारलं होतं. गयाबाईनं चांद्याकडं पाहिलं. चांद्या शेपटीनं माशा हाकत होता.

"लोक येडा म्हनतीन," ती शेवटी म्हणाली.

"मले बी तेच भेव वाटते."

"तुमी येडे नाई."

"नाई." ते जरा थांबले. "पन बरा बी नाई. सकायी डोये उघडले का वाटते, कोनं छातीवर जातं ठेवलं. तू भाकर देते, मले चव नाई येत. तू माह्यासाठी मरून राह्यली हे दिसते मले. दिसते, अन् मंग जास्तच वाटते का आपुन कायले हावो. हे कोनाले सांगू? तू आली का कंबर चोळाले तेल घिऊन येते."

इतके महिने त्यांच्या तोंडून एवढे शब्द एका वेळी निघाले नव्हते. ते निघावेत म्हणून तिनं नवस केले होते, धागे बांधले होते, धोंडीबाचा गुडघा सहन करायला लावला होता. "काय होते तुमाले?" एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं आणि त्यांनी सांगितलं असतं, तर मग ते खरं झालं असतं.

"सांगा," ती म्हणाली. "आता सांगा. मी आयकतो."

आणि तुपाची वाटी कोनाड्यात ठेवायला तिनं हात वर केला. उजवाच केला, विसरून. "आई गं" तोंडातून निघून गेलं, वाटी निसटता निसटता राहिली.

चंपतरावांनी पाहिलं. किती तरी महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी भिंत सोडून तिच्याकडं पाहिलं असं तिला वाटलं.

"हात वर नाई जात?"

"जाते. आज जरा..."

"कवापासून?"

ती पुन्हा झाकायला निघाली आणि थांबली. आत्ताच ज्या झाकण्यावरून बोलणी बसली होती तेच परत करायला जीभ कशी पटकन तयार होते, याचं तिचं तिलाच हसू आलं. "पेरनीपासून," ती म्हणाली.

"बस खाली."

"मी काय बैल हाये?"

"बैलानं येवढं ओढलं नसतं. बैल मंधातच बसला असता." त्यांनी फडकं पुन्हा कढत पाण्यात बुडवलं. "बस म्हनतो ना."

ती वैरणीच्या पेंढीवर बसली. त्यांनी फडकं तिच्या खांद्यावर ठेवलं. ते इतकं गरम होतं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गरम फडक्यामुळंच आलं असं कोणी म्हटलं असतं तर तिनं भांडण केलं नसतं. बाहेरून बयनाबाईंचा आवाज आला, "झालं का गो? तूप सांडून तं नाई राह्यले?" चंपतराव हळूहळू सांगत होते, मध्येच थांबत होते, आणि ती न तोडता ऐकत होती. तिला हे काम जमत नव्हतं. सल्ला सारखा ओठावर यायचा. पण ती शिकत होती.

दुसऱ्या दिवशी चंपतराव एकदम बरे झाले, असं काही झालं नाही. सकाळी ते भिंतीकडंच तोंड करून होते. पण दुपारच्या आत आपणहून उठले, आंघोळ केली आणि सदऱ्याच्या गुंड्या नीट लावल्या. गयाबाईनं फक्त पागोटं काढून उशाशी ठेवलं. बैलांच्या शिंगांना त्यांनी रंग दिला तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती, आणि लेकीनं पहिलं पाऊल टाकलं होतं तेव्हा तिची छाती जशी भरून आली होती तशी आज भरून आली. चांद्याच्या पाठीवर झूल घातली. मानेवरचा वळ मात्र उघडाच ठेवला.

तोरण गावाच्या तोंडाशी बांधलं होतं, आंब्याच्या पानांचं. डफडं वाजत होतं. सगळ्या जोड्या ओळीनं उभ्या, वामनरावांची पुढं, मग चंपतरावांची. बाया एका बाजूला, आरत्यांची ताटं घेऊन. घरापासून तोरणापर्यंतचं अंतर चंपतराव कासरा धरून चालले, भर उन्हात, सगळ्या गावादेखत, आणि ते पाहून गयाबाईनं मान अशी वर केली की तिच्या कानातल्या बुगड्या हलल्या. कचेरीत साहेबानं त्यांची पाठ थोपटली होती तेव्हाही तिला एवढा अभिमान वाटला नव्हता.

पण गर्दी त्यांना सोसत नव्हती. डफड्याचा प्रत्येक टोला त्यांच्या तोंडावर उमटत होता. कपाळावर घाम आला होता.

"चंपतराव!" वामनरावांनी हाक दिली. "पयली झडती तुमची!"

पोळ्याची झडती म्हणजे पोळा फुटायच्या, जोड्या तोरणाखालून सुटायच्या आधी मोठ्यानं म्हणायची कवनं. चंपतरावांचा आवाज त्यासाठी बारा गावांत गाजलेला. डफडं थांबलं. सगळे वाट बघू लागले. चंपतरावांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

कोणीतरी खोकलं. बायांच्या घोळक्यात सोजरबाई पुटपुटली, "कंबर वो, कंबर." पुरुषांतल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. महिपत पुढं आला, चेहऱ्यावर काळजी, हात मात्र कासऱ्याकडं. "दादा, कंबरीनं उभं राह्यवत नाई तुमाले. आना इकडं. मी घिऊन जातो."

गयाबाईच्या जिभेवर खोटं तयार होतं, शेकून, तूप लावून. तिनं ते गिळलं. आज बोलायचं ते तिचं नव्हतं.

चंपतरावांनी कासरा महिपतला दिला नाही. ते वळले, बायांच्या घोळक्यापर्यंत आले आणि तो गयाबाईच्या पुढं धरला.

"धर," ते म्हणाले.

क्षणभर डफडं वाजवणाऱ्यालाही टिपरू कुठं ठेवावं ते कळेना. तिनं कासरा घेतला. डाव्या हातानं.

"दादा! बाईच्या हाती?" महिपत ओरडला.

"चंपत," वामनराव अवघडून म्हणाले, "घरधनी उभा असताना असं कसं, लेका? कंबर दुखत असन तं तसं सांग. लोक समजून घेतीन."

चंपतरावांनी पागोटं काढून काखेत धरलं. वारा त्यांच्या ओल्या कपाळाला लागला. ते बोलले तेव्हा आवाज झडतीचा नव्हता. पण सगळं गाव इतकं गप्प होतं, की शेवटच्या जोडीपर्यंत तो गेला.

"कंबर दुखत नाई माही, वामनमामा. धोंडीबानं गुडघा टेकवला तवाच काय ती दुखली. मी रुखसतीवर बी नाई. होळीपासून या घरची धनी हीच हाये, पेरनी हिनं केली, बैल हिनं राखले, मान हिचा हाये. मी आजारी हावो. मनानं आजारी हावो."